खर्जाची जागा

इंग्रजीत ध्वनिवर्धकांची नावे प्राणिसृष्टीतून आली आहेत. उंच स्वर काढणारा तो ट्वीटर, म्हणजे चिवचिवणारा; खालचे स्वर काढणारा तो वूफर, म्हणजे कुत्र्यासारखा भुंकणारा; आणि त्याच्याही खाली उतरणारा तो सबवूफर. मराठीने ही नावे जशीच्या तशी घेतली, पण त्यांतले पाखरू आणि कुत्रे मात्र वाटेत हरवले. वास्तविक या खालच्या प्रदेशासाठी आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. मंद्र, खर्ज, घुमारा, घनगंभीर, घुमणे, दुमदुमणे... पण दुकानात यांतला एकही शब्द उपयोगी पडत नाही. तिथे 'बेस' हा एकच शब्द चालतो, आणि त्याला क्रियापदही एकच लागते. बेस 'मारतो'. विक्रेता कळ दाबतो, काचेच्या दारातून थरथर जाते आणि तो समाधानाने म्हणतो, "बघा मॅडम, कसला मारतो!"

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. गाणे शिकलेले नाही, ऐकलेले मात्र पुष्कळ आहे. गेल्या वर्षी घरात सबवूफर आणायचा ठरवला तेव्हा सहकाऱ्यांना ते जरा विसंगत वाटले. मिरवणुकीतला दणदणाट आणि कवितेचा तास एका माणसात कसे नांदतात, अशा अर्थाचे थट्टेचे बोलणे झाले. थट्टा रास्त होती. या यंत्राची कीर्तीच तशी आहे. परंतु वर्षभर त्याच्याशी झटापट केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, सबवूफर हे मोठा आवाज करण्याचे यंत्र नाहीच. तो नीट निवडला आणि नीट बसवला, तर ऐकू येत नाही. बंद केल्यावर काहीतरी गेले, एवढेच कळते.

मुळात आपल्या संगीताला त्याची गरज किती, हे आधी पाहिले पाहिजे. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. तंबोऱ्याची जोड या षड्जाला लागते, पंचमाची तार १०४ च्या आसपास आणि शेवटची, खर्जाची तार त्याच षड्जाच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण २० कंपने मानली जाते. तेव्हा खर्जाच्या तारेखालीही पावणेदोन सप्तके जागा उरते, पण तिथे आपल्या मैफलीत कुणी राहत नाही. डग्ग्याचा घुमारा खर्जाच्याच मुलखातला. हाताच्या दाबाने, घिशाने, तो वर-खाली सरकतो. गायिका काळी चारला गात असेल, तर तिच्या तंबोऱ्याचा खर्जसुद्धा १०४ वर येतो आणि सबवूफरला डग्ग्याखेरीज फारसे कामच उरत नाही. विदेशी चर्च ऑर्गनच्या चाहत्यांना किंवा चित्रपटवेड्यांना वीस-पंचवीस कंपनांपर्यंत उतरणारी अवाढव्य पेटी लागते, ती आपल्याला लागत नाही. आपली तक्रार एका सप्तकाची आहे. पुस्तकांच्या फळीवर मावणारे पाच इंची स्पीकर साठ-सत्तर कंपनांपर्यंत पोचतात, तेही धापा टाकत. खर्ज नेमका त्यांच्या दम लागण्याच्या ठिकाणी येतो.

हे दम लागणे शब्दशः खरे आहे. स्वर जितका खाली, तितकी त्याला हवा जास्त हलवावी लागते. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज राखायचा, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे करावे लागते. लहान पडद्याचा तेवढा आवाका नसतो. म्हणून ही जबाबदारी दुसऱ्या, मोठ्या पडद्याकडे सोपवायची. सबवूफरचे तत्त्व एवढेच आहे.

दुकानदाराने विचारलेला पहिला प्रश्न मात्र मला अजून आवडतो. "पिक्चर बघायला हवाय, की गाणी ऐकायला?" (दुसरा प्रश्न 'साहेब नाही आले?' हा होता. तो सोडून देऊ.) या प्रश्नामागे इतिहास आहे. १९७४ साली 'अर्थक्वेक' हा अमेरिकी चित्रपट 'सेन्सराउंड' नावाच्या यंत्रणेसह दाखवला गेला. प्रेक्षकांच्या खुर्च्यांखालची जमीन हादरल्यासारखी वाटावी म्हणून चित्रपटगृहांत प्रचंड सबवूफर बसवले होते. आज ज्याला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात त्यातला शेवटचा 'पॉइंट वन' हा याच हादऱ्यांसाठी राखून ठेवलेला मार्ग आहे. थोडक्यात, चित्रपटाला खालचा आवाज घटना म्हणून हवा असतो: स्फोट, भूकंप, डायनोसॉरचे पाऊल. गाण्याला तो पाया म्हणून हवा असतो. घटनेकडे लक्ष जावे लागते. पायाकडे लक्ष गेले की समजावे, घराला कुठेतरी तडा आहे.

यातूनच पेटीची निवड ठरते. पेटीला भोक ठेवून, म्हणजे आतल्या हवेलाही बोलायला लावून, थोडक्या शक्तीत मोठा आवाज काढता येतो. पण त्या भोकाचा जो नेमलेला स्वर असतो त्याच्या खाली आवाज एकदम कोसळतो, आणि आघात थांबल्यावरही आतली हवा क्षणभर बोलत राहते. दुसरा प्रकार बंद पेटीचा. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहान पेटीतून खोल आवाज काढून दाखवला होता; तत्त्व अजून तेच. बंद पेटी कमी गरजते, हळूहळू उतरते आणि थांब म्हटल्यावर थांबते. डग्ग्यावर मनगट टेकवून बोल आवळणारा वादक ऐकायचा असेल तर हे थांबणे महत्त्वाचे. भोकाच्या पेटीतून तोच बोल किंचित फुगून येतो, शेवटी अनुस्वार जोडल्यासारखा. मी दहा इंची बंद पेटी घेतली. विक्रेत्याला वाईट वाटले. बारा इंची 'जास्त मारते', हे त्याने जाता जाता पुन्हा सांगितले.

येथवर सगळे सोपे होते. खरी अडचण पेटीत नव्हती, खोलीत होती.

खालच्या स्वरांची लांबी आपण सहसा लक्षात घेत नाही. खर्जाच्या तारेच्या एका कंपनाची हवेतली लांबी सोळा फुटांहून थोडी अधिक भरते. चाळीस कंपनांच्या स्वराची अठ्ठावीस फूट. आमची बैठकीची खोली चौदा फूट लांब, अकरा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. म्हणजे या स्वरांना माझ्या घरात पाय पसरायला जागा नाही. ते भिंतीवर आपटतात, परततात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटांची गाठ पडून खोलीत काही जागी आवाज दुप्पट होतो, काही जागी जवळपास नाहीसा होतो. लांबीच्या दुप्पट अंतराचा स्वर हा खोलीचा स्वतःचा स्वर असतो: माझ्या खोलीच्या लांबीचा चाळीस, रुंदीचा एक्कावन्न, उंचीचा एकोणसाठ. भिंतींना लागून हे स्वर गरजतात आणि खोलीच्या मधोमध नाहीसे होतात. आणि वाचनाची खुर्ची आपण कुठे ठेवतो? पंख्याखाली, मधोमध. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याने ठरवलेली ही जागा ध्वनिशास्त्राला अगदी अमान्य आहे.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. पुस्तके आवाज शोषून घेतात, असे आम्हा पुस्तकवाल्यांना वाटत असते. वरचे स्वर ती थोडेफार विखुरतात हे खरे. पण सोळा फुटांच्या लाटेला नऊ इंची पुस्तकांची रांग म्हणजे काहीच नाही. विश्वकोशाचे सगळे खंड एका फळीवर असूनही चाळीस कंपनांवर त्यांचा काडीचाही परिणाम झाला नाही. पडदे, गालिचा, जाजम यांचेही तेच.

मग जागा शोधायची कशी? त्याची एक जुनी युक्ती आहे, आणि ती करताना कुणी पाहू नये. सबवूफर उचलून आपल्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवायचा, एकसारखा खालचा स्वर लावायचा आणि आपण भिंतीकडेने खोलीभर रांगायचे. जिथे आवाज सम, स्वच्छ आणि न फुगलेला वाटेल तिथे सबवूफर ठेवायचा. यामागे थट्टा नाही, व्युत्क्रमाचा नियम आहे: बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी मधली खोली दोघांशी तशीच वागते. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॅले यांनी ध्वनीच्या संदर्भात हे दाखवून दिले. एका रविवारी दुपारी मी आधी खुर्ची तीन फूट मागे घेतली आणि मग रांगले. मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि माझ्या सूचनेबरहुकूम मोबाइलवरून चाळीस, पन्नास, साठ, सत्तर असे स्वर एकामागून एक बदलत होती. कोपऱ्यात सगळेच प्रचंड होते. दोन भिंती आणि जमीन मिळून आवाजाला कर्ण्यासारखा आधार देतात. दुकानातला सबवूफर कोपऱ्यात असतो तो याचसाठी. दाराशी पन्नास गायब. खिडकीखाली साठ ठणठणत होता. शेवटी आखूड भिंतीच्या मध्याच्या जरा डावीकडे, शब्दकोशांच्या खालच्या खणाशेजारी, चारही स्वर एकमेकांशी समंजसपणे वागताना आढळले. तिथे त्या वेळी चपलांचे लाकडी कपाट होते. ते हलवण्यावर घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

यानंतर तीन बटणे. कुठल्या स्वरापासून खाली सबवूफरने घ्यायचे ते पहिले, आवाज किती ते दुसरे, आणि तिसरे 'फेज'चे. लाटेचा चढ-उतार सबवूफरने स्पीकरांच्या बरोबर घ्यायचा की उलटा, ते हे तिसरे बटण ठरवते. चित्रपटांच्या जगात सांधा ऐंशीवर ठेवण्याची रीत आहे, कारण त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा कळत नाही. माझा ध्वनिवर्धक जुना, दोन स्पीकरांपुरता. सबवूफरची वेगळी वाट त्यात नाही. म्हणून स्पीकरांच्याच तारांवरून जोड घेतला आणि सांधा साठच्या थोडा वर ठेवला. परिणामी खर्जाची तार नेमकी सांध्यावर आली. अर्धी तार स्पीकर म्हणतात, अर्धी सबवूफर. सुरुवातीला ही गैरसोय वाटली, पण परीक्षेसाठी तिच्याइतके चांगले साधन नाही. नुसता तंबोरा लावावा आणि फेजचे बटण उलटसुलट करावे. एका बाजूला खर्ज पातळ होतो, दुसऱ्या बाजूला भरतो. जिथे भरतो ती बाजू बरोबर. आकडे, आलेख, मायक्रोफोन यांनीही हे करता येते. मी दोन्ही करून पाहिले आणि उत्तर एकच आले. तंबोऱ्याने ते लवकर दिले.

मध्ये एक गंमत झाली. जोडणी झाल्याबरोबर सबवूफरमधून एक अखंड गुणगुण येऊ लागली. ही विजेची गुणगुण. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या घेते आणि दोन उपकरणांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी गेली की ती आवाजात उतरते. काळी एकच्या हिशेबात पन्नास कंपने म्हणजे खर्जाच्याही खालचा, जरासा चढा तीव्र मध्यम. मी त्या दिवशी भूप लावला होता. ज्या रागात मध्यमाला प्रवेशच नाही त्याच्या तळघरात तीव्र मध्यम मुक्काम ठोकून बसलेला! दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घेतल्यावर तो निघून गेला.

आवाजाच्या बटणाबद्दल एवढेच सांगते की, ते रोज थोडे थोडे खाली आणावे. पहिल्या दिवशी नव्या वस्तूचे अस्तित्व जाणवावे अशी इच्छा असते. आठवड्याने ती ओसरते. आमच्याकडे ते मूळ खुणेच्या निम्म्याखाली स्थिरावले. आता गाणे चालू असताना सबवूफर बंद केला, तर गायक जणू बैठकीवरून उठून उभा राहतो. चालू केला की परत बसतो. याहून नेमके वर्णन मला सुचलेले नाही.

आता ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याकडे वळते. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी भजनात पखवाज वाजवत. डाव्या पुडीला कणीक लावण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. कणीक किती सैल, किती जाड, हे ते बोटाने दाबून सांगत. त्या कणकेच्या वजनानेच पुडीचा आवाज खाली उतरतो. १९८६ सालची एक कॅसेट आमच्याकडे आहे, टू-इन-वनच्या अंगच्या माइकवर घेतलेली. वडील आता नाहीत. त्यांचा डावा हात त्या कॅसेटवर कितपत आहे, हे मला पाहायचे होते.

जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी जे थोडे वाचले आहे त्यामुळे तो फारसा नसणार, हे मला ठाऊक होते. १९०२ साली फ्रेड गेझबर्ग कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित करत होते, तेव्हा विजेचा माइक नव्हता. गायिका कर्ण्यात गात असे आणि त्या कर्ण्याला खालचे स्वर पकडताच येत नसत. विजेवरचे मुद्रण १९२५ पासून सुरू झाले. त्याआधीच्या तबकड्या ऐकताना सबवूफर सरळ बंद करावा. त्यातून फक्त तबकडीच्या फिरण्याची गडगड ऐकू येते. जे मुद्रितच झालेले नाही ते कुठलीही पेटी परत आणू शकत नाही. आमच्या कॅसेटचेही तेच. ती संगणकावर घेऊन आलेख पाहिला, तर शंभराच्या खाली जवळजवळ सपाट रेघ. माइक स्वस्त, आणि तो आवाज आपोआप सारखा करणारा. आघात झाला की यंत्र घाबरून मागे सरे.

असे असूनही वडिलांचा डावा हात ऐकू येतो. सबवूफरशिवायही येतो. यात भावनेचा भाग नाही. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही अशा माझ्या विद्यार्थिनीलाही तो ऐकू आला. याचे कारण ध्वनिशास्त्रात आहे. कोणताही स्वर एकटा येत नाही. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर त्याच्याबरोबर येतात. मूळ स्वर काढून टाकला आणि हे उपस्वर ठेवले, तरी कान त्यांच्यातल्या अंतरावरून मूळ स्वर कोणता असणार ते ओळखतो आणि तोच ऐकतो. लहान ट्रान्झिस्टरवर खर्ज ऐकणाऱ्या आपल्या कितीतरी पिढ्यांनी प्रत्यक्षात खर्ज ऐकलेलाच नाही. त्यांनी त्याचे उपस्वर ऐकले. तंबोऱ्याला तर ही कला जन्मजात अवगत आहे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात ती उपस्वर फुलावेत म्हणूनच, आणि मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा कितीही मोठा असला तरी सोळा फुटांची लाट जोरकसपणे हवेत सोडण्याइतका तो मोठा नसतो. खर्जाच्या तारेत मूळ स्वर दुबळाच असतो. त्याचे भरघोसपण आपला कान घडवतो. चर्मवाद्यांचे उपस्वर तारेइतके शिस्तीत नसतात. शाईमुळे आपल्या वाद्यांत ती शिस्त येते हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवले. कणकेचेही काहीसे तेच कार्य असावे, असे मला ती कॅसेट ऐकताना वाटते.

मराठी आणि संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना इथे आनंदवर्धन आठवल्यावाचून राहणार नाही. नवव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याने काव्यात जे उच्चारलेले नसते आणि तरीही प्रतीत होते, त्यालाच ध्वनी असे नाव दिले, आणि ते समजावण्यासाठी घंटेच्या टोल्यानंतरच्या अनुरणनाचा दाखला घेतला. वर्गात हा दाखला मी वीस वर्षे सांगत आले आहे. आता वाटते, घंटेपेक्षाही तंबोऱ्याचा खर्ज या उपपत्तीच्या जवळ जातो. घंटेचा अनुनाद टोल्यानंतर प्रत्यक्ष हवेत असतो. खर्ज मात्र पुष्कळदा हवेत नसतोच. उपमा फार ताणू नये, हेही खरे. व्यंग्यार्थ कळण्यासाठी सहृदय वाचक लागतो. हरवलेला मूळ स्वर कुणाचाही कान भरून काढतो, त्याला संस्कार लागत नाहीत. आनंदवर्धनाचा सिद्धान्त शरीरापर्यंत आणून ठेवला की त्यातली निवडीची, रसिकतेची बाजू निसटते. तरीही पुढच्या वर्षी हे प्रकरण शिकवताना मी वर्गात एक लहानसा ट्रान्झिस्टर नेणार आहे.

मग सबवूफर कशाला हवा, असे कुणी विचारील. कान घडवतो तो स्वर. सबवूफर देतो ते त्या स्वराचे वजन. ते कानाइतकेच छातीला आणि तळपायांना कळते. वडिलांच्या कॅसेटला ते मिळणार नाही. अलीकडच्या चांगल्या पखवाज-मुद्रणाला मिळते, आणि मग कणीक लावलेली पुडी म्हणजे काय असते ते माझ्या मुलीला कळते. मला त्या पेटीचा उपयोग आहे तो इतकाच.

पण वजन जमिनीलाही कळते, आणि जमीन म्हणजे दुसऱ्याचे छत.

महिनाभराने खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन वर्षे अंथरुणाला खिळलेले आहेत. काकूंनी आधी चहा घेतला, मुलीच्या परीक्षेची चौकशी केली आणि मग म्हणाल्या, "अगं, तुझं गाणं काही ऐकू येत नाही हो, पण आमच्या पलंगाला ते कळतं. हे म्हणतात, वर कुणीतरी सारखं कांडतंय. आणि मधेच थांबतं, ते का?"

दुसऱ्या दिवशी मुलीला वर गाणे लावायला सांगून मी खाली गेले. काकांच्या पलंगाशेजारी बसले. माझ्या आनंदाचा खालच्या घरात पोचणारा अवशेष मी पहिल्यांदा ऐकला. गायक नाही. संवादिनी नाही. तबल्याची चाटी नाही, शब्द तर नाहीच. सिमेंटच्या छताने ते सगळे वरच्या वर अडवले होते. भिंत आणि छत जड असतात म्हणून आवाज अडतो. पण स्वर एक सप्तक खाली उतरला की तीच भिंत ढोबळमानाने निम्मीच परिणामकारक उरते. त्यामुळे खाली फक्त डग्गा उतरला होता. धप, धप, धप. मग काही मात्रा पूर्ण शांतता. मग पुन्हा धप. ती शांतता म्हणजे त्रितालाची खाली होती. खालीच्या बोलांत डग्गा उचलतात, नुसती चाटी वाजते. ज्या जागेकडे मी वर बसून कधी लक्षही दिले नव्हते ती जागा काकांना पलंगातून, रोज, न चुकता कळत होती. 'मधेच थांबतं, ते का?' हा प्रश्न एका माणसाने निव्वळ डग्ग्यावरून तालाचे अंग ओळखून विचारला होता.

आपले कायदे हा आवाज मोजू शकत नाहीत, हेही त्या निमित्ताने नीट कळले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण हे डेसिबल 'ए' मापाचे. हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजले होते. त्याच धर्तीवर 'ए' माप खालच्या स्वरांना मुद्दाम कमी गुण देते. पन्नास कंपनांच्या स्वरातून तर तब्बल तीस डेसिबल वजा होतात. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या सबवूफरांपुढे मापकाने दाखवलेला आकडा आणि खिडकीच्या काचांनी दाखवलेला आकडा यांत जी तफावत पडते ती बरीचशी यातून. उत्सवाचा प्रश्न निव्वळ मापाचा आहे असे मी म्हणत नाही. तो सत्तेचा आणि माजाचाही आहे. पण पलंगावरच्या माणसाच्या बाजूने जे माप उभे राहायला हवे, ते मापच त्याचे ऐकत नाही.

माझ्या घरापुरते काय करता आले ते सांगते. सबवूफरखाली जाड रबराच्या गाद्या घातल्या. पेटीची थरथर जमिनीत उतरणे त्यांनी कमी झाले. हवेतून छताला जाऊन भिडणारा आवाज त्यांना थांबवता येत नाही, कुठल्याच गादीला येत नाही. आवाजाचे बटण आणखी एक खूण खाली आणले. रात्री नऊनंतर सबवूफर बंद, हा नियम काकूंनी न मागता केला. दुपारी काका झोपतात तेव्हाही बंद. संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ काकूंनीच सांगितली. काकांना गाणे आवडते असे नाही. ते आयुष्यभर कचेरीतल्या हिशेबांत रमलेले गृहस्थ. मात्र मी एकदा खाली जाऊन त्यांना सोळा मात्रा बोटांवर मोजून दाखवल्या. बोलताना त्यांना त्रास होतो. डाव्या हाताची बोटे हलतात. काकू सांगतात, आता खाली आली की ते बोट उचलतात.

घरातल्या लहान खोल्यांसाठी दोन सबवूफर एकापेक्षा बरे, असे संशोधन आहे. टॉड वेल्टी यांनी २००२ साली किती सबवूफर पुरेत या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन ठेवले तर खोलीचे स्वतःचे स्वर बरेच निवळतात आणि एकाच खुर्चीपुरता नव्हे, सगळ्या खोलीत आवाज सारखा होतो. मोठ्याने वाजवण्यासाठी दोन नव्हेत. हळू वाजवूनही भरीव वाटावे म्हणून दोन. बहुतेकांनी हा सल्ला ऐकावा. मीही किमती काढून ठेवल्या आहेत आणि फूटपट्टी घेऊन जागाही मोजली. दुसऱ्याची जागा समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दिवाणाच्या डोक्याशी येते. त्याच्या बरोबर खाली काकांचा पलंग आहे. तिथे सध्या चपलांचे कपाट ठेवले आहे.